सरळ की कुरळे? आधी दोन्ही वाटा खुल्या करा

लग्नसराई जवळ आली की बालाघाटातल्या ब्युटी पार्लरच्या काचांवर नवी दरपत्रकं चिकटतात. स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. अधूनमधून एखादं नवं नाव वाढतं, काम मात्र तेच : केस सरळ करायचे. या यादीत कुरळे केस कुरळेच ठेवून नीट कापून देण्याचा दर मी आमच्या गावात अजून पाहिलेला नाही. पलीकडे गोंदियात गेलं तरी काचेवरची यादी तीच.

आपल्या कॉलेजात या विषयावर बोलणं निघालं की शेवट ठरलेला असतो. "अगं, तुझे केस, तुझी मर्जी." वाक्य चांगलं आहे, कुणालाही पटावं असं. पण दुकानात एकच माल मांडलेला असेल, तर त्यातून उचललेल्या वस्तूला आपण निवड म्हणतो का? केस सरळ करणाऱ्या मुलीला मी नावं ठेवणार नाही. तिला ते आवडत असतील, सकाळी वेळ मिळत नसेल, किंवा गुंता सोडवून ती कंटाळली असेल. कारण तिचं आहे. माझं म्हणणं एवढंच की कुरळे केस ठेवण्याची वाट खरोखर चालण्याजोगी हवी, आणि सरळ करण्याच्या वाटेवर काय काय लागतं हे तिला आधी कळायला हवं. या दोन गोष्टी झाल्या की मग खुशाल "तुझी मर्जी" म्हणावं. आज आमच्या भागात दोन्हींपैकी एकही होत नाही.

सुरुवात कुठून होते ते बघा. घरात बाळाचं जावळ कुरळं निघालं तर सगळ्यांना कौतुक. "बाळकृष्णासारखे केस आहेत गं!" म्हणून शेजारच्या काकूसुद्धा बोटं फिरवून जातात. देवाच्या तसबिरीत कुरळ्या बटा, जुन्या गाण्यांत कुरळ्या बटा. आणि तीच पोर पाचवी-सहावीत गेली की तेच केस "झिंज्या" होतात, "झिपऱ्या" होतात. "आधी ते पिंजारलेलं डोकं बांध" असं दिवसातून दोनदा ऐकू येतं. शाळेत "मॅगी" हे नाव तर पहिल्याच आठवड्यात पडतं. आमच्या बालाघाटात घरात मराठी किंवा पवारी, शाळेत आणि बाजारात हिंदी. त्यामुळे नावं ठेवायला तीन-तीन भाषा हाताशी असतात. जावळापासून झिंज्यांपर्यंतच्या या दहा वर्षांत केस बदललेले नसतात, बघणाऱ्यांचे डोळे बदललेले असतात.

आपण भाषेची माणसं आहोत, म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. मराठीत 'सरळ' हा शब्द आधीच पास झालेला आहे. सरळ स्वभाव, सरळ मार्ग, "मुलगी अगदी सरळ आहे हो." 'वाकडं' म्हटलं की तोंड, चाल, नजर, नाहीतर पाऊल, सगळीकडे दोषच. केसांबद्दल बोलताना हा पक्षपात आपल्या नकळत बरोबर येतो. "केस सरळ करून घे" यात "स्वतःला सुधारून घे" असं काहीतरी मिसळलेलं असतं. ऐकणाऱ्या मुलीला ते बरोबर ऐकू जातं.

मग शाळेचा नियम. तेल लावून, मधला भांग पाडून दोन घट्ट वेण्या आणि रिबन. सरळ केसांना हा नियम सोपा जातो. कुरळ्या केसांची कपाळावरची लव वेणीत बसतच नाही, आणि प्रार्थनेच्या रांगेत "बाल ठीक से बनाकर आओ" हे ठरलेलं असतं. त्यासाठी रोज सकाळी कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी ओढली जाते. आईला सातची घाई, मुलीच्या डोळ्यांत पाणी. कुरळे केस कोरडे विंचरले की ते फुलतात, गुंततात, तुटतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बोलणी खायची तीच फणी आणखी वाढवते. असं दहा वर्षं चालतं. बारावी होऊन कॉलेजात केस मोकळे सोडायची मुभा मिळते तेव्हा त्या मुलीनं आपले केस नीट वळलेले, सुटे, निरोगी असे कधी पाहिलेलेच नसतात. तिच्या लेखी ते एक भांडण असतं. पार्लरमधली दीदी म्हणते, "तुमचे बाल फार ड्राय आहेत, एकदा स्मूदनिंग करून घ्या ना, सुटका होईल." सुटका हा शब्द तिला पटतो.

मुलांचं काय? कुरळ्या केसांच्या मुलाला एकच सल्ला मिळतो, "बारीक करून टाक." तोही तिढाच आहे. पण सलूनमध्ये दहा मिनिटांत तो सुटतो आणि त्यावरून कुणी त्याचं लग्न जुळेल की नाही हे ठरवत नाही.

लग्नाचं मात्र बोलायलाच हवं, कारण आमच्याकडे बहुतेक स्ट्रेटनिंग तिथून सुरू होतं. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. पुढे सीमा पडली, सोयरीक तुटली नाही. आजही बालाघाट, वारासिवनी, लांजीकडच्या मुलींची स्थळं गोंदिया, भंडारा, नागपूरकडून येतात. आधी फोटो जातो. बायोडेटात रंग आणि उंची असते, केसांचा रकाना नसतो. पण फोटोत केस दिसतातच. "फोटो काढायच्या आधी केस तेवढे सरळ करून घे" असं म्हणणारी आई दुष्ट नसते. तिनं दोन-चार नकार पचवलेले असतात आणि नकाराचं कारण कुणी तोंडावर सांगत नाही, त्यामुळे हाताला लागेल ते दुरुस्त करायचं असं तिचं चाललेलं असतं. मला आईवर राग नाही. पण मग निदान हे मान्य करू या की निर्णय पार्लरच्या खुर्चीत झालेला नाही. तो आधीच झालाय, आणि त्यात मुलीचं मत बहुतेक शेवटी विचारलं गेलंय.

बाईच्या केसांचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, ही आपल्याकडे जुनी रीत आहे. विधवांचं केशवपन आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही असं ठरवून संप केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे मला त्या संपातलं सगळ्यात मोठं वाटतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेही अशाच विधवांना शिकता यावं, स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. आपल्या काळातलं उदाहरण जटांचं. न विंचरलेल्या केसांचा गुंता होतो, त्याची जट बनते, आणि मग ती देवीची आहे, कापली तर कोप होईल, म्हणून बाई वर्षानुवर्षं ते ओझं डोक्यावर वागवते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा कितीतरी बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा सोडवल्या आहेत. नंदिनीताई आधी ब्युटी पार्लर चालवत होत्या.

केशवपन आणि स्ट्रेटनिंग एका तराजूत घालायचा माझा विचार नाही. तिथे जबरदस्ती होती. इथे मुलगी पैसे देऊन, हसत जाते आणि फोटो टाकते. पण नंदिनीताई आणि ते नाभिक यांच्याकडून एक गोष्ट घेता येते. केस ज्यांच्या हातात येतात ती माणसं रीत बदलू शकतात. पार्लरवाल्या दीदीला आपण उगाच खलनायिका करू नये. तिच्याशी बोलावं.

शाळेच्या नियमांचं म्हणाल तर तो प्रश्न फक्त आपला नाही. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया गर्ल्स हायस्कूलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी २०१६ मध्ये शाळेच्या केसांबाबतच्या नियमांविरुद्ध निदर्शनं केली, कारण त्यांचे नैसर्गिक कुरळे केस "नीटनेटके" मानले जात नव्हते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ मध्ये 'क्राउन ॲक्ट' केला : केसांच्या नैसर्गिक पोतावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येणार नाही. तिथल्या प्रश्नामागे वर्णभेदाचा मोठा इतिहास आहे, आपला इतिहास वेगळा. तरी 'नीटनेटकं म्हणजे सरळ' हे समीकरण दोन्हीकडे सारखंच आहे, आणि तिथे शाळकरी पोरींनी ते बोलून दाखवलं.

आता दुसरी बाजू. सरळ करायचे ठरवले तर खुर्चीत बसल्यावर नेमकं काय होतं?

केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी बांधलेल्या असतात. केस सरळ उगवायचा की वळत वळत, हे कातडीखालच्या केशमुळाच्या आकारावर ठरतं, आणि गंधकाचे पूल तो आकार धरून ठेवतात. पाणी किंवा साधी इस्त्री यांनी फक्त कच्चे बंध सुटतात. म्हणून इस्त्री केलेले केस धुतले की परत वळतात. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन लावून गंधकाचे पूलच तोडतात. मग तापलेल्या इस्त्रीनं केस सपाट करतात. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड असलेला न्यूट्रलायझर लावून पूल नव्या, सरळ जागी जोडतात. सगळे पूल परत जोडले जात नाहीत, म्हणून केस आधीपेक्षा कमजोर होतो. रसायन जास्त वेळ राहिलं किंवा आधीच रंगवलेल्या केसांवर लागलं, तर केस मधूनच तुटतात.

याला 'पर्मनंट' म्हणतात ते अर्धंच खरं आहे. वाढलेला केस हा मेलेला भाग, तो सरळ झाला. केशमूळ जिवंत आहे आणि त्याला या सगळ्याची खबरच नाही. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सहा महिन्यांत मुळाशी चार बोटं कुरळे आणि खाली सरळ, असे दोन जातींचे केस एका डोक्यावर दिसू लागतात. मग टचअप. समजा एका वेळेचे ४,००० रुपये धरले आणि वर्षातून दोनदा करावं लागलं, तर तीन वर्षांच्या बी.ए.मध्ये २४,००० रुपये झाले. वर त्यांचाच शाम्पू, त्यांचाच मास्क. हा हिशेब काचेवर लिहिलेला नसतो. तिथे एका वेळेचा दर असतो आणि त्यापुढे 'ऑफर'.

स्मूदनिंग, 'केराटिन', 'बोटॉक्स' यांची नावं तर चांगलीच फसवी आहेत. हेअर बोटॉक्समध्ये सुरकुत्यांवरचं बोटॉक्स नसतं. 'केराटिन ट्रीटमेंट' म्हणजे केसांना प्रथिनाचा खुराक, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण यातल्या बऱ्याच द्रवांत केस सरळ करण्याचं खरं काम फॉर्मलडिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड करतं. इस्त्री फिरताना जो धूर निघतो आणि डोळे झोंबतात, त्याकडे "थोडं होतंच" म्हणून दुर्लक्ष करू नका. फॉर्मलडिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यानंतर बाटल्यांवर 'फॉर्मलडिहाइड-फ्री' असं छापून येऊ लागलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात तसं छापलेल्या एका गाजलेल्या द्रवाची तपासणी झाली, तर त्यात फॉर्मलडिहाइड निघालं. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार मराठीत आधीच आहे, नवा शोधायला नको.

ग्लायऑक्सिलिक ॲसिडची गोष्ट अलीकडची. २०२४ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापली. तिनं तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. त्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. डॉक्टरांनी ते उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिलं, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडातही ऑक्झलेटचे खडे जमले. त्याच्या आदल्या वर्षी इस्रायलमधल्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

आणखी एक अभ्यास, २०२२ चा, अमेरिकेतला. ३३,४९७ बायकांवर सुमारे अकरा वर्षं नजर ठेवली गेली. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करण्याची रसायनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या अडीचपट दिसलं. सत्तरीपर्यंत हा आजार होण्याची शक्यता न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, नियमित वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हे आकडे प्रामाणिकपणे वाचायला हवेत. आजार मुळात कमी प्रमाणात होणारा आहे, वारंवार वापरणाऱ्यांची ही गोष्ट आहे, आणि दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असं लगेच सिद्ध होत नाही. लग्नाआधी एकदा केस सरळ केलेल्या ताईला मी हे आकडे दाखवून घाबरवणार नाही. पण सोळाव्या वर्षी सुरू करून दर पाच-सहा महिन्यांनी टचअप करणार असाल, तर ही माहिती तुम्हाला कुणीतरी द्यायला हवी होती.

खुर्चीत बसणाऱ्या मुलीपेक्षा खुर्चीमागे उभी असलेली मुलगी जास्त धोक्यात आहे, हेही सांगायचं राहू नये. आपण तिथे वर्षातून दोनदा चार-पाच तास बसतो. ती रोज तोच धूर नाकात घेते. आमच्याकडची कितीतरी पार्लरं म्हणजे घराचीच पुढची खोली. उन्हाळ्यात कूलर, नाहीतर दार-खिडकी बंद आणि पडदा ओढलेला, कारण बायकांचं पार्लर. तिथे काम शिकायला आलेली मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते. बाटली मोठी असते, त्यातला द्रव वाटीत काढून मिळतो. घटक वाचायला ना तिला वेळ, ना गिऱ्हाइकाला सवय.

आता ती न दिसणारी वाट, कुरळे तसेच ठेवायची. ती अवघड आहे असं सगळे म्हणतात. खरं तर ती आपल्याला कुणी शिकवलेली नाही. शिकायला फार काही नाही. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत. धुताना, कंडिशनर लावलेलं असताना, जाड दातांच्या फणीनं टोकाकडून सुरू करून वर वर जावं. खरखरीत टॉवेलनं घासण्यापेक्षा जुन्या सुती टी-शर्टनं दाबून पाणी टिपावं. रोज धुऊ नयेत. डोक्याच्या कातडीवरचं तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी पडतात. तेल लावायचं तर टोकांना आधी, धुण्यापूर्वी. रिठ्यानं केस स्वच्छ होतात पण राठही होतात, त्यानंतर ओलावा द्यावाच लागतो. रात्री उशीवर जुनी रेशमी किंवा सॅटिनची ओढणी पसरली तर सकाळचा गुंता अर्धा होतो.

आणि जेल. ऑनलाइन कुरळ्या केसांसाठीच्या जेलची किंमत बघून पुष्कळजणी तिथेच थांबतात. ते जवसाचं घरी करता येतं. जवस आमच्याच मातीतलं पीक. धान कापणीला येतं तेव्हा त्याच ओल्या बांधीत जवस फेकतात, आमच्याकडे त्याला उतेरा म्हणतात. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर हलवत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट झालं की गरम असतानाच पातळ कपड्यातून गाळायचं. गार झालं की गाळणं कठीण जातं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून मुठीत हलके दाबायचं आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. चटणीसाठी घरात असतंच, फक्त डोक्याला लावता येतं हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या दोन आठवड्यांत जादू होणार नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं फणी ओढली आहे त्यांना दोन-तीन महिने तरी द्यावे लागतील. तेवढे दिले की मग आपले केस खरे कसे आहेत ते दिसतं. त्यानंतर ते आवडले नाहीत तर नाही आवडले. तेव्हा केस सरळ करायला गेलेल्या मुलीनं खरंच निवड केली, असं मी म्हणेन.

इथे कुरळ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. मिथिला पालकर २०१६ मध्ये कपावर ताल धरून मराठी गाणं गात घराघरात पोचली, तापसी पन्नू पडद्यावर कुरळ्या केसांनिशी दिसते, त्यामुळे बऱ्याच मुलींना धीर आला. छान झालं. पण त्याच्या मागोमाग एक नवं प्रवचनही आलंय. कुरळे केस ठेवणारी ती स्वतःला ओळखणारी, सरळ करणारी ती दबावाला बळी पडलेली. शिवाय सात बाटल्या, चार प्रकारचे ब्रश, रविवारचा अर्धा दिवस. हॉस्टेलच्या सामायिक बाथरूममध्ये बाहेर रांग लागलेली असताना ते सगळं कोण करणार? नर्सिंगच्या मुलीला सकाळी ड्यूटीवर केस घट्ट बांधून जायचं असतं. धानाच्या रोवणीला चिखलात उतरणाऱ्या बाईला केसांचं वळण नंतर आठवतं. तिला "नैसर्गिक तेच सुंदर" असं सुनावणं हीदेखील एक प्रकारची फणीच. नैसर्गिक असण्याची सक्ती नको आणि सरळ असण्याचीही नको. वेणी घालावी, आखूड कापावेत, एखाद्या समारंभापुरती इस्त्री फिरवावी, हे मधले मार्गही आहेत. समारंभ झाला की केस धुवायचे आणि परत आपले आपण.

मग करायचं काय? मोठं आंदोलन सुचवण्याइतका माझा आवाका नाही. जमण्यासारख्या तीन-चार गोष्टी आहेत.

पार्लरमध्ये गेलात तर बाटली हातात मागा आणि मागची यादी वाचा. फॉर्मलडिहाइड, फॉर्मलिन, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायऑक्सिलिक ॲसिड यांपैकी नाव दिसलं तर थांबा, विचार करा. गरोदर असाल, किडनीचा त्रास असेल, टाळूवर जखम किंवा खाज असेल, तर नकोच. यादी दाखवायला नकार मिळाला तर तेच उत्तर समजा. करायचंच ठरलं तर खिडकी उघडायला सांगा, तुमच्यासाठी आणि तिच्यासाठीही.

दुसरं, कुरळा कट मागा. "कुरळेच ठेवायचेत, सुक्या केसांवर, वळण बघून कापून द्याल का?" असं विचारा. पहिल्यांदा दीदी हसेल, दुसऱ्यांदा "शिकून घेते" म्हणेल. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, तिथून शिकून मुली या धंद्यात येतात. गिऱ्हाईक जे मागतं ते त्या आत्मसात करतात. स्मूदनिंग तरी त्या पोटातून थोड्याच शिकून आल्या होत्या? मागणी आली तेव्हा शिकल्या.

तिसरं, आपल्यातले बरेच जण उद्या बी.एड. करून शाळेत शिकवायला जाणार आहेत. प्रार्थनेच्या रांगेत केस बांधलेले असावेत हा नियम समजू शकतो. बांधलेले असूनही कपाळावर वळलेली लव दिसते म्हणून एखाद्या पोरीला रांगेतून बाहेर काढणं, हे आपल्या वर्गात होणार नाही एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या वाङ्मय मंडळाच्या अखत्यारीतली, शब्दांची. 'कुरळे', 'बटा', 'जावळ', 'भुरभुर' असे सुरेख शब्द आपल्याकडे आहेत. ते आपण बाळांसाठी आणि गाण्यांसाठी राखून ठेवतो आणि घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला 'झिंज्या' देतो. पुढच्या खेपेस घरी गेलात की लहान बहिणीच्या, भाचीच्या, शेजारच्या पोरीच्या केसांना कोणता शब्द वापरला जातो ते ऐका. तुमच्या तोंडून चांगला शब्द जाऊ द्या आणि तिला एक जाड दातांची फणी घेऊन द्या. वीस-तीस रुपयांत येते. पुढे मोठी होऊन ती केस सरळ करेल किंवा कुरळे ठेवेल. तिचं तिनं बघावं.